‘पर्यावरणसंहार’ : संज्ञा आणि व्याख्या

अन्यत्र शब्दाचा अर्थ वापरातून ठरत जातो; कायद्यात तो आधी ठरवून द्यावा लागतो, आणि त्या अर्थावर माणसाची शिक्षा अवलंबून असते. फिलिप सँड्स व दिओर फाल सो यांच्या सहअध्यक्षतेखालील बारा तज्ज्ञांच्या समितीने जून २०२१ मध्ये सिद्ध केलेली ‘इकोसाइड’ची व्याख्या या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. रोम संविधीत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आक्रमण या चार गुन्ह्यांच्या जोडीला हा पाचवा गुन्हा यावा, हा तिचा हेतू. सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी व सामोआ या द्वीपराष्ट्रांनी तशी दुरुस्ती रीतसर मांडली.

प्रथम संज्ञा. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी व्हिएतनामच्या अरण्यांवर व पिकांवर सात कोटी लिटरहून अधिक वनस्पतिनाशके फवारली. त्या विध्वंसाला उद्देशून वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर गॅल्स्टन यांनी १९७० मध्ये हा शब्द पुढे आणला. राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये घडविलेल्या ‘जेनोसाइड’चाच तो साचा : पूर्वपद ग्रीक, उत्तरपद लॅटिन. पूर्वपदाचा मूळ अर्थ घर, उत्तरपदाचा वध. मराठीत त्याला ‘पर्यावरणसंहार’ म्हणणे ‘वंशसंहारा’च्या धर्तीवर स्वाभाविकच आहे, तथापि दोन शब्दांच्या छटा सारख्या नाहीत. सृष्टी, स्थिती व संहार या त्रयीतील ‘संहार’ हे ईश्वरी कार्य आहे. त्याला पातक चिकटत नाही. ‘हत्या’ या शब्दाला मात्र ते चिकटलेलेच असते : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. मूळ संज्ञेतील वधाचा अर्थ, आणि वधाबरोबर येणारा अपराधी कर्ता, ‘संहारा’त काहीसा पुसट होतो.

आता व्याख्या. पर्यावरणाची तीव्र आणि त्याखेरीज विस्तृत किंवा दीर्घकालीन हानी होण्याची बरीच शक्यता आहे, हे ठाऊक असताना केलेली बेकायदेशीर किंवा बेदरकार कृत्ये, असा तिचा आशय आहे. यातील उभयान्वयी अव्ययांना मोठा इतिहास आहे. पर्यावरणात फेरफार करून त्याचा शस्त्रासारखा वापर करण्यास मनाई करणाऱ्या १९७६ च्या करारात विस्तृत, दीर्घकालीन ‘किंवा’ तीव्र, असा विकल्प होता. तेथे दीर्घकाल म्हणजे काही महिने अथवा एखादा ऋतू, असे समजले गेले. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी मसुद्यात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आला, व दीर्घकालाचे माप दशकांवर गेले. १९९८ च्या रोम संविधीने तोच ‘आणि’ स्वीकारला, तोही युद्धापुरता. २०२१ च्या समितीने तीव्रता अनिवार्य ठेवून उरलेल्या दोन अटींत विकल्प दिला. ही रचना समतोल आहे, आणि व्याख्येचा सर्वांत विचारपूर्वक घडविलेला भागही हाच होय.

दोष निराळ्या जागी आहे. परवाना घेऊन चालविलेली खाण किंवा कारखाना बहुधा ‘बेकायदेशीर’ ठरत नाही. तेव्हा सारा भार ‘बेदरकार’ या शब्दावर पडतो. त्याचा अर्थ समितीने असा बांधला आहे की, अपेक्षित सामाजिक व आर्थिक लाभांच्या मानाने जी हानी उघडपणे अतिरिक्त ठरेल तिची पर्वा न करणे. हा तराजू रोम संविधीतील युद्धगुन्ह्याच्या कलमातून आला आहे; तेथे दुसऱ्या पारड्यात लष्करी लाभ होता, येथे सामाजिक व आर्थिक लाभ आहे. शिवाय ‘लाभ’ या नामाला षष्ठी नाही. लाभ कोणाचा, अपेक्षा कोणाची, हे वाक्य सांगत नाही. लाभ एका प्रदेशाला आणि हानी दुसऱ्याला, असे घडले तरी दोन्ही एकाच काट्यावर चढतात. वंशसंहाराच्या व्याख्येत असा काटा नाही. तेथे लाभ विचारणेच असह्य वाटेल.

तराजूच्या बाजूने असे म्हणता येईल की, घरे, रस्ते, वीज यांसाठी निसर्गाची काही हानी अटळ असते, आणि ती करणाऱ्या प्रत्येकास गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. आक्षेप खरा आहे. पण त्याची सोय वर पाहिलेल्या अव्ययांनी आधीच केलेली आहे. तीव्र नसलेली हानी तेथेच गळते. तीव्र असून विस्तृतही नाही व दीर्घकालीनही नाही, तीही गळते. एवढ्या चाळणीतून उरलेल्या हानीचा पुन्हा लाभाशी हिशेब घालणे ही द्विरुक्ती होय, आणि फौजदारी कायद्यात द्विरुक्ती आरोपीच्या पथ्यावर पडते.

गुन्ह्याच्या नावाने काय दिसते व काय दिसत नाही, याचे उदाहरण भारतातच आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडातील आरोप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सदोष मनुष्यवधावरून हयगयीने मृत्यू घडविण्यापर्यंत खाली आणला; २०१० मध्ये सात आरोपींना दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. या कलमांच्या भाषेत मृत माणूस मावतो. कारखान्याभोवतीची दूषित माती व भूजल मावत नाही. ती उणीव भरून काढणारे नाव आता मिळाले आहे. भारत रोम संविधीचा पक्षकार नसला तरी कायद्याच्या मराठीला या नावासाठी आज ना उद्या शब्द ठरवावा लागेल. तो ‘संहार’ असो वा ‘हत्या’, व्याख्येतील लाभाचे उपवाक्य गाळले नाही, तर नाव वधाचे आणि मजकूर जमाखर्चाचा, ही विसंगती त्यातही उतरेल.