वळणावरची खुर्ची

तीस वर्षं दहावीच्या मुलांकडून कवितांचं रसग्रहण लिहून घेतलं. आधी आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, मग भाषिक वैशिष्ट्यं. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी मी तिच्यातला आशय शोधते. म्हणूनच नारायण पेठेतलं आमचं पार्लर चालवणारी माझी जुनी विद्यार्थिनी परवा म्हणाली, "बाई, गुगलवरचं आमचं सगळं नव्यानं लिहिलंय, जरा वाचून बघा ना." पण लगेच तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं. आयब्रो चालू असताना डोळे मिटलेलेच बरे. मग घरी येऊन वाचलं. दोनदा वाचलं.

नकाशावर दुकानाच्या नावावर बोट ठेवलं की उघडतं, ते हे पान. २०१४ साली 'गुगल माय बिझनेस' या नावानं ही सोय आली, २०२१पासून तिला 'गुगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. दुकानदाराला तिचे पैसे पडत नाहीत. या लेखनप्रकाराची बंधनं मात्र वृत्तबद्ध कवितेइतकी कडक. नाव, प्रकार, पत्ता, वेळा, फोन, फोटो आणि जास्तीत जास्त ७५० अक्षरांचं निवेदन. शेवटचा भाग, म्हणजे अभिप्राय, तर वाचकच लिहितात.

सुरुवात शीर्षकापासून. जुन्या नोंदीत पार्लरच्या नावाला 'बेस्ट ब्रायडल मेकअप हेअर स्पा केराटिन पुणे' अशी भलीमोठी शेपटी होती. कुणीतरी सांगितलं होतं, नावात जितके शब्द कोंबाल तितकं वर दिसाल. गुगलचा नियम उलटा आहे. पाटीवर असेल तेच नाव लिहायचं; नाहीतर नोंद बंद होण्याची पाळी येते. आता तिथं पाटीवरचे तेवढे दोन शब्द उरले आहेत. शीर्षकातच अख्खी कविता सांगून टाकायची नसते, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल!

त्याखाली प्रकार. गुगलनं दिलेल्या यादीतून एक मुख्य प्रकार निवडायचा, शिवाय आणखी नऊ जोडता येतात. हिच्या भाच्यानं पूर्वी उत्साहानं 'ब्रायडल शॉप' निवडलं होतं. त्याचा अर्थ लग्नाचे कपडे विकणारं दुकान. त्यामुळे शालूची किंमत विचारणारे फोन येत. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्रानं 'औचित्यविचारचर्चे'त म्हटलंच आहे, की कमरपट्टा गळ्यात घातला आणि पैंजण हातात, तर लोक हसणारच. दागिना उत्तम असून भागत नाही, जागा बरोबर लागते. आता मुख्य प्रकार 'ब्यूटी सलून', जोडीला मेकअप आर्टिस्ट आणि वॅक्सिंग. पैंजण पायात आले.

वेळांचा रकाना म्हणजे या रचनेचा ताल. पूर्वी तिथं 'चोवीस तास उघडे' असं पडलेलं होतं आणि रात्री अकराला फोन वाजे. आता सोमवार बंद, बाकी दिवस सकाळ-संध्याकाळचे दोन तुकडे. सणांच्या वेळा निराळ्या नोंदवता येतात, त्याही तिनं भरल्या आहेत. गौरी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठलाच उघडणार, गौरीपूजनाला बंद. आमच्या भागातल्या बायकांचं अख्खं वर्ष त्या दोन ओळींत दिसलं मला. आपल्या घरच्या गौरी उभ्या करायच्या, त्याआधी दुसऱ्यांच्या भुवया कोरून मोकळं व्हायचं.

पण या लेखनाचा गाभा आहे तो निवेदनात. जुनं निवेदन असं होतं: 'आमच्या येथे सर्व प्रकारच्या सौंदर्यसेवा अत्याधुनिक पद्धतीने, अनुभवी स्टाफकडून माफक दरात केल्या जातील.' हे वाक्य कुठल्याही पार्लरला लावा, बसेल. 'सौंदर्य' काढून 'वाहन' घाला, गॅरेजलाही बसेल. नवीन निवेदन पूर्ण उतरवते: 'फक्त महिलांसाठी. थ्रेडिंग, वॅक्सिंगसाठी सरळ या; फेशियल आणि हेअर कलरसाठी फोन करून या. नवरीचा मेकअप, अंबाडा, नऊवारी नेसवणं: तारीख आधी ठरवा. पहिला मजला, लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवली आहे.'

७५० अक्षरांची मुभा असताना तिनं त्यातला तिसरा हिस्साही वापरलेला नाही. मिरवणारं विशेषण एकही नाही. 'सरळ या' आणि 'फोन करून या' यांतला फरक पाहा. पहिल्यात ओट्यावरून दिलेली हाक आहे, दुसऱ्यात तुमच्यासाठी तासभर राखून ठेवायची तयारी. 'फेशियल' शेजारी 'अंबाडा' आणि 'नऊवारी' बिनदिक्कत बसलेत, कारण तिच्या खुर्चीतही ते तसेच शेजारी बसतात. 'लिफ्ट नाही' हे दोन शब्द तर धाडसाचे. जाहिरात लिहिणारा माणूस नसलेल्या गोष्टीबद्दल गप्प राहतो. पण गुडघे दुखणारी बाई घरून निघण्याआधी नेमकं हेच शोधत असते.

प्रतिमांकडे वळू. पूर्वी कुठून तरी उचललेली गोरी परदेशी मॉडेल हसत होती. आता पहिला फोटो पाटीचा, दुसरा जिन्याच्या दाराचा, कारण नकाशावरची खूण पूर्वी शेजारच्या बोळात पडायची आणि बायका खालून हाका मारायच्या. तिसरा फोटो मला सगळ्यांत आवडला. नवरीची पाठमोरी मान, घट्ट अंबाडा, त्याभोवती अबोलीचा गजरा. चेहरा दिसत नाही. नवरीला विचारून, तिची ओळख राखून काढलेला. ज्यात कारागिरी आहे तेवढंच चौकटीत घेतलंय.

आता अभिप्राय आणि त्यांवरची उत्तरं. आरशाच्या कडेला पूर्वी 'पाच स्टार द्या, थ्रेडिंग मोफत' अशी चिठ्ठी असे. बदल्यात काही देऊन अभिप्राय मिळवणं गुगलला चालत नाही. चिठ्ठी गेली, तिथं क्यूआर कोड आला. ज्यांना लिहायचंय त्या लिहितात. एकीनं तीन स्टार देऊन लिहिलंय, 'केस सांगितल्यापेक्षा जास्त कापले.' खाली हिचं उत्तर: 'खरं आहे. दोन बोटं म्हणाला होतात, कात्री चार बोटं गेली. आता कापण्याआधी आरशात बोट ठेवून विचारते.' 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे छापील वाक्य तिनं टाळलं. चूक मोजून सांगितली, तीही बोटांच्या मापात. या उत्तरामुळे मला इथले चार-पाच कोरडे 'थँक्यू मॅडम'सुद्धा माफ करावेसे वाटतात.

उणीव एक आहे. दर कुठेच दिलेले नाहीत. नवरीच्या मेकअपचं समजू शकते, पण आयब्रोचे पैसे लिहायला काय हरकत होती?

एवढं सगळं करून ती यादीत पहिली येईल का? गुगलच्या म्हणण्याप्रमाणे क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या शब्दांशी नोंद किती जुळते, दुकान किती जवळ आहे आणि ते किती नावाजलेलं आहे. जाहिरातीची जागा वेगळी. या क्रमातली वरची जागा पैसे भरून मिळत नाही. तरी 'महिन्यात पहिल्या नंबरावर आणतो' म्हणणारे फोन तिला येतच असतात. कोथरूडहून शोधणाऱ्या बाईला कोथरूडचंच पार्लर आधी दिसणार. नारायण पेठेतला वाडा उचलून तिकडे नेता येत नाही. आपल्या हातात शब्द तेवढे असतात, आणि ते तिनं नीट वापरले.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा हे सगळं तिला सांगायचं ठरवलं होतं. दहा पायऱ्या चढले आणि नेहमीसारखी वळणावरच्या खुर्चीवर टेकले. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी पहिल्यांदा आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही खुर्ची इथं आली होती. तेव्हापासून दर वेळी बसत आलेय. वाचताना मात्र मी त्या वाक्यावर न थांबता पुढं गेले होते. वरून हाक आली, "बाई, दम घ्या, घाई नाही." उरलेल्या नऊ पायऱ्या चढेपर्यंत माझं रसग्रहण पूर्ण झालं.