पाणसाप आणि पिवळा डोळा

कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शन्ट मॅरिनर’ (१७९८) ही कविता आणि मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) ही कादंबरी यांचे नाते केवळ ध्रुवाकडील बर्फापुरते नाही. खलाशी विनाकारण अल्बट्रॉस मारतो. व्हिक्टर जीव घडवून त्याला टाकून पळतो. माझ्या मते व्हिक्टरचे पाप अधिक मोठे. किळसवाण्या पाणसापांत खलाशाला एका क्षणी सौंदर्य दिसते, नकळत तो त्यांना आशीर्वाद देतो आणि गळ्यातला मेलेला पक्षी गळून पडतो. व्हिक्टरने तर अवयव सुंदर म्हणूनच निवडले होते! पण पिवळा डोळा उघडताच त्याला शिसारी आली. पुढे आल्प्समधील झोपडीत त्या जीवाची कहाणी ऐकून दया येते, रूप पाहताच आटते. साधे नावही त्याने त्याला दिले नाही. लोकांनी निर्मात्याचेच नाव चिकटवले.