‘उपेक्षित’ म्हणजे नेमकं काय? : ‘बिगिन’ (१९६८) या अल्बमच्या निमित्ताने

सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं : ‘हा विषय आजवर उपेक्षित राहिला आहे.’ वाक्य भारदस्त आहे, गाईडही बऱ्याचदा त्यावरून पुढे जातात. पण व्हायव्हाला एखादे परीक्षक शांतपणे विचारतात, “उपेक्षित कोणाकडून? कधीपासून? आणि उपेक्षित होता म्हणजे चांगला होता, हे कशावरून?” तिथे घाम फुटतो. म्हणून आज एक अल्बम घेऊ. तुमचा विषय संगीत नसला तरी चालेल. यातले प्रश्न कोणत्याही शाखेत लागू पडतात.

अल्बमचं नाव ‘बिगिन’. गट ‘द मिलेनियम’, गाव लॉस एंजेलिस, कंपनी कोलंबिया, साल १९६८. सात जणांचा गट, चौदा ट्रॅक. निर्मिती कर्ट बेट्चर आणि कीथ ओल्सन यांची. अल्बम खपला नाही, गट फुटला. पुढे रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला, आणि आज ‘सनशाइन पॉप’ची यादी याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

आधी ऐका, मग वाचा

साहित्याचा आढावा घेण्याआधी मूळ वस्तूपाशी जा, हे मी नेहमी सांगतो. सुरुवातीचा ‘प्रिल्यूड’ हा छोटा वाद्यतुकडा आहे : जुन्या दरबारी थाटाचे सूर आणि त्याखाली आडदांड ड्रम. तो संपला असं वाटेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. आठ ट्रॅकची दोन यंत्रं एकमेकांना जोडून हे ध्वनिमुद्रण झालं. त्यामुळे आवाजावर आवाज चढवता आला, आणि तो मोह यांनी आवरलेला नाही. ‘इट्स यू’मध्ये त्याचं चीज होतं : गाणं हळूहळू भरत जातं आणि शेवटी त्या भरण्यालाच अर्थ येतो.

उणीवही तिथेच आहे. आवाज इतके एकजीव झालेत की कोण गातंय हे कळत नाही. दुःख आणि आनंद एकाच तापमानाला वाढलेले. ‘द नो इट ऑल’मध्ये जरा खरखर येते, तेव्हा लक्षात येतं की इतका वेळ आपण गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरत होतो. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला येणारं ‘कार्मिक ड्रीम सीक्वेन्स क्र. १’ सहा मिनिटं तरंगत राहतं. काहींना त्यात समाधी लागेल, काहींना झोप.

आणि हो, शीर्षकात ‘कर्म’ दिसलं म्हणून लगेच ‘भारतीय प्रभाव’ असं प्रकरण काढू नका. १९६८च्या फेब्रुवारीत बीटल्स ऋषिकेशला पोचले होते, असे शब्द तेव्हा हवेतच होते. शब्द ओळखीचा असणं आणि विचाराचा प्रभाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी सिद्ध करावी लागते.

तीन दावे, तीन चाचण्या

*पहिला दावा : ‘ही बेट्चरची हरवलेली कलाकृती आहे.’* बेट्चर मोठा माणूस, यात वाद नाही. १९६६मध्ये ‘द असोसिएशन’चा पहिला अल्बम त्याने घडवला आणि त्यातलं ‘चेरिश’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण रेकॉर्डवरची श्रेयनामावली बघा. ‘प्रिल्यूड’ रॉन एडगर आणि डग रोड्स यांचं, ‘५ ए.एम.’ सँडी सॅलिसबरीचं, ‘इट्स यू’ मायकेल फेनेली आणि जोई स्टेक यांचं. म्हणजे वर ज्या दोन तुकड्यांचं कौतुक केलं, त्यातला एकही बेट्चरने लिहिलेला नाही. बरं, ओल्सन, एडगर, रोड्स हे तिघे ‘म्युझिक मशीन’ या रांगड्या गॅरेज गटातून आलेले. ते आडदांड ड्रम आभाळातून पडले नाहीत. एकट्या प्रतिभावंताची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून ती टिकते. तुमच्याही विषयात असा एक ‘एकटा’ असेल. त्याच्या आजूबाजूचे सहा जण शोधा.

*दुसरा दावा : ‘अल्बम काळाच्या पुढे होता.’* हे तारखांशी ताडून बघू. ‘बिगिन’ आला १९६८च्या जुलैमध्ये. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची, तीही लॉस एंजेलिसमध्येच. त्याच जुलैत ‘द बँड’चा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ आला, मातीतला आणि मुद्दाम साधा. ऑगस्टमध्ये कोलंबियाचेच दोन अल्बम आले : जॅनिस जॉप्लिनच्या घोगऱ्या आवाजाचा ‘चीप थ्रिल्स’, जो पुढे पहिल्या क्रमांकावर पोचला, आणि ‘द बर्ड्स’चा कंट्री वळणाचा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’. दुसऱ्याचा निर्माता गॅरी अशर, म्हणजे बेट्चरचा जवळचा सहकारी! तंत्रात ‘बिगिन’ पुढे असेल, पण मनःस्थिती आदल्या उन्हाळ्याची होती. माझं मत असं, की तो काळाच्या पुढे नव्हता, वर्षभर उशिरा आला. खप न होण्याचं हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही. ‘काळाच्या पुढे’ हे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही.

*तिसरा दावा : ‘एक लाख डॉलर खर्च झाले, कोलंबियाचा तोवरचा सर्वांत महागडा अल्बम.’* हा आकडा या अल्बमबद्दलच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटतो. एकच आकडा दहा ठिकाणी दिसला म्हणजे दहा पुरावे झाले का? नाही. नऊ जणांनी एकाचं वाचलेलं असू शकतं. कंपनीची हिशेबवही कोणी दाखवली का, हा आपला प्रश्न. तोवर प्रबंधात ‘असे सांगितले जाते’ इतकंच लिहा आणि पुढे चला. त्या आकड्यावर युक्तिवादाचा मजला चढवू नका.

नाव नंतर आलं

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९६८मध्ये हे सात जण स्टुडिओत गेले तेव्हा ‘आपण सनशाइन पॉप करतोय’ असं कोणी म्हणत नव्हतं. ही वर्गवारी मागाहून झाली, आणि ती घडवण्यात संग्राहकांचा आणि पुनर्प्रकाशन करणाऱ्यांचा मोठा हात आहे. एकदा नाव मिळालं की मागचे विखुरलेले अल्बम एका रांगेत उभे राहतात, आणि ती रांग आधीपासूनच होती असं वाटायला लागतं. आपण ‘अमुक प्रवाह’, ‘तमुक साहित्य’ म्हणतो तेव्हा ते नाव कोणी, कधी दिलं? हा प्रश्न पहिल्या प्रकरणात आलाच पाहिजे.

संग्राहकांना मात्र नावं ठेवू नका. मूळ प्रत महाग का? कमी खपली म्हणून. ती किंमत दुर्मिळतेची आहे, गुणवत्तेची नव्हे, हे खरंच. पण त्यांनी हा अल्बम जपला, त्याबद्दल बोलत राहिले. २००१मध्ये सनडेझ्ड कंपनीने ‘मॅजिक टाइम’ हा तीन सीडींचा संच काढला. त्यात बेट्चरच्या आधीच्या ‘द बॉलरूम’ गटाचं अप्रकाशित कामही आलं. त्यामुळे आज आपण पूर्वतयारी आणि पक्कं काम शेजारी ठेवून ऐकू शकतो. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवर काम करायला निघालात तरी तुम्हाला अशाच कोणाच्या तरी कपाटापाशी जावं लागेल. संग्राहकाचं कपाट हे साधन म्हणून वापरा, त्याचा उत्साह पुरावा म्हणून वापरू नका.

मग ‘बिगिन’ चांगला आहे का? आहे. थोर? माझ्या मते नाही. सुंदर, कष्टाचा आणि जरा अतिसांभाळलेला अल्बम आहे. असं मधलं मत द्यायला आपण घाबरतो, कारण विषय ‘थोर’ नसेल तर प्रबंध लहान ठरेल असं वाटतं. तसं होत नाही. विषय मध्यम असला तरी त्याबद्दलचा प्रश्न धारदार असू शकतो.

तर या आठवड्यात एक काम करा. आपल्या सिनॉप्सिसमधला ‘उपेक्षित’ शब्द खोडा आणि त्या जागी तीन वाक्यं लिहा : कोणी दुर्लक्ष केलं, त्या वेळी त्यांचं लक्ष कशावर होतं, आणि आज हा विषय कोणाला, कशासाठी हवा आहे. तिन्ही लिहिता आली, तर विषय तुमच्या हातात आहे. एकही जमलं नाही, तर ग्रंथालय उघडं आहे.