स्वतंत्र संचालकांची गणती

संचालक मंडळाची रचना आणि नफ्याची हिशेबी जुळवाजुळव यांचा संबंध शोधणारे प्रबंध स्वतंत्र संचालकांचे शेकडा प्रमाण मोजून थांबतात. २०१३ च्या कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांत ते किमान एकतृतीयांश असतेच; त्यांची शाश्वती कितपत, हा खरा प्रश्न होय. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात नेणारी टाटा पॉवर व तिचा समूह यांचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्षपदावरून दूर केल्या गेलेल्या सायरस मिस्त्री यांनी, टाटा पॉवरच्या मुंद्रा प्रकल्पासह समूहातील पाच व्यवसायांत कालांतराने सुमारे १.१८ लाख कोटी रुपयांची मूल्यघट दाखवावी लागेल, असे लिहिले. टाटा सन्सने त्यांचे आरोप निराधार म्हणून फेटाळले. त्यांतील खरेखोटे आपण निवडावयाचे नाही. परंतु मूल्यघट यंदा दाखवावी की पुढे ढकलावी, हा निर्णय नफ्याचा आकडाच बदलतो, आणि तेथे नकार देणाऱ्याचे आसन डळमळीत असते. त्याच डिसेंबरात नस्ली वाडिया या स्वतंत्र संचालकांना टाटा स्टील, टाटा मोटर्स व टाटा केमिकल्स यांच्या मंडळांवरून भागधारकांच्या मतदानाने काढण्यात आले. त्यात प्रवर्तकांचीही मते होती. प्रबंधांच्या कोष्टकांत मात्र संचालकाला कोणाच्या मतांनी काढता येते, यासाठी रकानाच नसतो.