औषधाचं कूपन : एक रसग्रहण

आमच्या समीक्षकांनी कादंबरी, नाटक, झालंच तर लावणी, कशाकशाची म्हणून चिरफाड करायची ठेवली नाही. पण अमेरिकेतल्या औषधाच्या कूपनाकडे एकाचंही लक्ष गेलेलं नाही. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने काढून आल्यावर ही उणीव भरून काढणं मला भाग आहे. (तिकडे पाहुण्या आईबापांना वाचायला दुसरं मिळतं तरी काय?)

या वाङ्मयप्रकाराचं कूळ औषधाच्या दुकानातलंच. १८८६ साली अटलांटातल्या अशाच एका दुकानात कोका-कोला विकायला आला, तोही टॉनिक म्हणून. आणि पुढच्या दोनेक वर्षांत ‘एक पेला फुकट’ अशा चिठ्ठ्या निघाल्या. फुकट म्हणजे फुकट! आशय स्वच्छ, शैली प्रासादिक.

आजचं कूपन मात्र नवकवितेच्या वळणावर गेलं आहे. वर औषधाचं नाव, मग किंमत, आणि खाली ‘बिन’, ‘पीसीएन’, ‘ग्रूप’, ‘मेंबर आयडी’ अशा चार दुर्बोध ओळी. अर्थ वाचकाला कळत नाही, पण काउंटरवरच्या बाई ते आकडे यंत्रात घालतात आणि भाव धाडकन खाली येतो. शेवटी बारीक अक्षरांत ‘हा विमा नव्हे’ असं लिहिलेलं असतं. सबंध कृतीतलं हेच एक वाक्य मला निर्विवाद वाटलं.

कथानक असं. आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते. तिकडे तसलं काही नाही. दुकानदार एक भलामोठा भाव लावून ठेवतो. विमा कंपन्यांच्या वतीनं घासाघीस करणारे दलाल तो खाली ओढतात, आणि ज्याच्यासाठी भांडायला कुणी नाही त्याच्या माथी तो अख्खा बसतो. कूपन म्हणजे दलालाचा भाव उसना घेण्याची सोय. दुकानदार दर खेपेला दलालाला फी देतो, दलाल त्यातला वाटा कूपनवाल्याला देतो. म्हणजे नायक आणि खलनायक जेवतात एकाच ताटात! फुगवलेल्या भावावर दिलेल्या सुटीला मी तरी औदार्य म्हणणार नाही.

दुसरं घराणं खुद्द औषध कंपन्यांचं. नव्या, महागड्या औषधातला रोग्याचा हिस्सा कंपनीच भरते आणि उरलेली रक्कम विम्याकडून वसूल करते. सरकारी मेडिकेअरवाल्यांना मात्र हे कूपन वर्ज्य; कायद्याच्या लेखी ती लाच ठरते. मेडिकेअर लागतं पासष्टाव्या वर्षी. म्हणजे साठी बुद्धी नाठी आणि पासष्टी कूपन नाठी!

यातला सर्वांत नाट्यपूर्ण भाग मौनाचा. विम्यातून घेण्यापेक्षा रोखीनं किंवा कूपनानं औषध स्वस्त पडतं असं पुष्कळदा घडतं. पण ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, अशी कलमं कित्येक दुकानदारांच्या करारात होती. २०१८ साली कायद्यानं ती काढली. सांगायला मोकळीक मिळाली. सांगायलाच हवं, असं मात्र त्या कायद्यानं म्हटलं नाही. आपण विचारायचं.

आता विचारण्याच्या बाबतीत आमच्या सौ.चा हात कोण धरणार? सुनेच्या गोळ्या आणायला गेलो होतो. बाईंनी आकडा सांगितला. मंडईत चाळीस वर्षं तयार झालेल्या आवाजात ही म्हणाली, “नो लेस?”

“आई, इथे घासाघीस करत नाहीत गं!” मुलगा कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी हिच्याकडे पाहिलं, खणातून एक कार्ड काढलं, चार आकडे बडवले, आणि भाव निम्म्याखाली आला. चिरंजीव तिथे इंजिनिअर आहेत. चार वर्षं पहिलाच आकडा देत आले होते.

आमच्या मागे एक आजोबा होते, काठी टेकत आलेले. त्यांनी आपला आकडा ऐकला, पाकीट उघडून पाहिलं, मिटलं आणि “पुढल्या शुक्रवारी येतो” असं म्हणून वळले. ही त्यांना “अहो, विचारा ना!” असं सांगायला निघाली होती, पण तोवर मुलानं तिला दंडाला धरून दाराबाहेर नेलं होतं.