हुबेहूबपणाचा हव्यास

चाहत्यांनी पदरमोड करून, फुकट राबून काढलेल्या विज्ञानपटाला मिळणारी सर्वांत मोठी दाद म्हणजे ‘अगदी खऱ्यासारखा वाटतो!’ या कलेचं दुखणं नेमकं या कौतुकात आहे. न्यूयॉर्क राज्यात जेम्स कॉली आणि मंडळींनी १९६०च्या दशकातल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचं यान आतून जसंच्या तसं उभारलं आणि ‘न्यू व्हॉयेजेस’ या नावाने नवे भाग काढले. सुतारकाम थक्क करणारं. पण त्यांचा ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’ (२००७) ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या नामांकनांपर्यंत पोचला तो काही सुतारकामाच्या जोरावर नव्हे. मूळ मालिकेतला सुलू बहुतेक वेळ सुकाणूपाशी बसून हुकूम पाळतो. त्याच्या वाट्याला स्वतःची अशी कथा फारशी आलीच नाही. इथे तो परक्या जगात तीस वर्षं काढून, म्हातारा होऊन, मुलीला घेऊन परततो, आणि यानावर मात्र तेवढ्यात जेमतेम काही क्षण उलटलेले असतात. मूळ कर्त्यांनी मोकळी ठेवलेली जागा चाहत्यांना दिसली, हे या भागाचं बळ. फिनलंडच्या ‘स्टार रेक: इन द पर्किनिंग’ने (२००५) उलटी वाट धरली. घरच्या संगणकांवर, निळ्या पडद्यासमोर, सात वर्षं खपून केलेलं हे विडंबन. त्यातली अंतराळयुद्धं देखणी आहेत, पण लक्षात राहतो तो फिनिश बोलणारा, सत्तेला हपापलेला, किंचित बावळट सम्राट पर्क. त्याला मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कसारखं दिसायचंच नाही.

यावर आक्षेप येतो की सात वर्षं फुकट राबायला कोण तयार होणार, पैसा हवाच. ‘प्रील्यूड टू ॲक्सनार’ (२०१४) या ‘स्टार ट्रेक’वरच्या लघुपटानंतर पैसा आलाही. लोकवर्गणी दहा लाख डॉलरच्या वर गेली. मग डिसेंबर २०१५मध्ये ‘स्टार ट्रेक’चे मालक पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी दावा लावला, आणि ठरलेला पूर्ण लांबीचा चित्रपट निघालाच नाही. स्टुडिओवर चिडणं सोपं आहे. पण खऱ्यासारखं दिसण्यासाठीच एवढा पैसा उभा केला, तर खऱ्याच्या मालकाने दखल घेतली यात नवल ते काय? शिवाय वर्गणीदार वाट पाहत असतो. पर्कची वाट कुणी पाहत नव्हतं, म्हणून त्याला सात वर्षं मिळाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’मध्ये सुलूच्या भूमिकेत खुद्द मूळ मालिकेतला जॉर्ज टाकेई होता, दिग्दर्शक मार्क स्कॉट झिक्री दूरचित्रवाणीवर मुरलेला लेखक. मग याला हौशी कसं म्हणायचं? म्हणायला हरकत नसावी. आपल्या भाषेत हौशी म्हणजे कच्चा नव्हे. हौशी तो, जो या कामावर पोट भरत नाही. जून २०१६मध्ये स्टुडिओने चाहत्यांच्या चित्रपटांसाठी घालून दिलेल्या नियमांना मात्र हा फरक उमगलेला नाही. पन्नास हजार डॉलरची वर्गणीमर्यादा मी समजू शकतो. पण पंधरा मिनिटांची एक कथा, फार तर अशा दोन भागांची, आणि ‘स्टार ट्रेक’वर पूर्वी काम केलेल्या कुणालाही मज्जाव? तासाभराचा सुलू या नियमांत बसत नाही, आणि टाकेईही नाही. पैशाला घातलेली वेसण कळते; सत्तरीच्या घरातल्या नटाला दाराबाहेर ठेवून स्टुडिओने कशाचं रक्षण केलं, ते कळत नाही.