परत केलेलें ताट

स्वयंचलन वाढलें कीं माणसाचा ताबा घटलाच पाहिजे, हा समज मेरिलंड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनीं 'ह्यूमन-सेंटर्ड एआय' (२०२२) या ग्रंथांत खोडून काढला आहे. दोन्ही एकदमच वाढवितां येतात, हा त्यांचा सिद्धान्त आम्हांस मान्य आहे. मात्र त्यांचा डिजिटल कॅमेऱ्याचा दाखला लेखनाला लावूं गेल्यास लंगडा पडतो. कॅमेरा प्रकाश व फोकस आपणच जुळवितो; दृश्य कोणतें घ्यावें, कळ केव्हां दाबावी, हें छायाचित्रकार ठरवितो. येथें कामाची वांटणी स्वच्छ आहे. पण सांत्वनपत्राचा मजकूर रचून देणारी कृत्रिम बुद्धि सबंध वाक्येंच पुढें करते. शब्द आणि भावना त्यांत एकजीव होऊन आलेल्या असतात. तीं घ्या किंवा टाका, एवढ्यालाच ताबा म्हणणें म्हणजे ताट परत करण्याच्या मुभेला स्वयंपाकघराची मालकी म्हणणें होय! 'फोटोशॉप'मध्यें २०२३ सालीं आलेली चित्रभरणीची सोय बरी: यंत्राची भर निराळ्या थरावर राहते, आणि चित्रकाराला तिचा नको तो तुकडा झांकतां येतो. लेखकालाही मुद्दा व सूर आपल्याकडे ठेवून केवळ शुद्धलेखन यंत्राकडे सोंपवावयाचें असेल, तर ती रेघ त्याची त्यालाच आंखतां आली पाहिजे.